मधली पदं

"तुही मधली दोन पदं राह्यली."

वाक्य स्वयंपाकघराच्या दारातून आलं आणि मोहिनीला आधी वाटलं रेडिओ लागला. घरात रेडिओ नव्हता. मग वाटलं, शेजारच्या अंगणातून कुणी बोललं असेल. पण नालवाडीच्या त्या गल्लीत सकाळी भांडी घासायच्या वेळेला पदांबद्दल बोलणारं कुणी नव्हतं. तिनं मान वळवली नाही. हात मात्र आपोआप डोक्याकडे गेला आणि पदर कपाळापर्यंत आला. फरशीवर, पुसून वाळलेल्या चौकोनात, अंगणवाडीतून उरलेल्या निळ्या खडूनं तिनं लिहिलं होतं:

(x + ३)(x + ५) = x² + १५

आणि त्या ओळीच्या पलीकडे, उंबऱ्याबाहेर, दोन पाय. सासऱ्यांचे. रूपराव मास्तरांचे. टाचा भेगाळलेल्या, नखं नीट कापलेली, हातात रिकामा तांब्या. पाय जरा वेळ तसेच उभे राहिले, बोललेलं आपणच बोललो का याची त्यांनाच खात्री नसल्यासारखे, आणि मग वळले. तांब्या रिकामाच परत गेला. मोहिनी फरशीकडे बघत बसली. तिला खडूचा वास आला, कुकरची वाफ आली, बाहेर रस्त्यावरून नागपूरकडे जाणाऱ्या बसचा धडधडाट आला, आणि या सगळ्याच्या मध्ये ते वाक्य तिथंच उभं होतं. कारण ते तिला म्हटलेलं होतं. कुणामार्फत नाही, कुणाच्या आडून नाही. तुही. तुझी.

लग्न होऊन या घरात आल्यापासून मामाजी, म्हणजे सासरे, तिच्याशी बोलले नव्हते, आणि ती त्यांच्याशी. यात भांडण नव्हतं. धाकही नव्हता म्हटलं तर चालेल. सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही, ही रीत होती. बाकीच्या घरांत ती दोन-चार वर्षांत झिजून गेली; या घरात झिजली नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं कमी बोलणारी होती आणि मध्ये भरपूर बोलणारी एक होती. सासू. जयवंताबाई, मोहिनीच्या आत्याबाई. "त्यायले म्हणा जेवण झालं," असं मोहिनीनं सैपाकघरातून म्हणायचं, आत्याबाईंनी ते पडवीत नेऊन द्यायचं आणि येताना उत्तर घेऊन यायचं, वर स्वतःचं काहीतरी घालून. मामाजी म्हणाले असतील "मीठ बरोबर हाय," तर इकडे पोचायचं, "मीठ बरोबर हाय म्हणते, आज पहिल्यांदा." आत्याबाई गेल्यावर ते काम आकांक्षाकडे आलं, नातीकडे, आणि तिनं ते शाळेच्या दप्तरासारखं सहज उचललं. जूनमध्ये आकांक्षा अकरावीला नागपूरला वसतिगृहात गेली. नवरा, धनंजय, कंपनीच्या शिफ्टवर. घरात दिवसभर दोघं उरले आणि निरोप न्यायला कुणी नव्हतं. तेव्हापासून दोघं हवेशी बोलतात. मामाजी पडवीत उभं राहून कारल्याच्या वेलाला म्हणतात, "आज दळण आणा लागंन वाटते." मोहिनी ओट्याशी उभी राहून गॅसला म्हणते, "चहा गाळला." वेल ऐकतो, गॅस ऐकतो. कामं होतात.

असं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

नाही. अडलं होतं. गणित अडलं होतं.

वर्ध्याच्या त्या अभ्यासकेंद्रात, जिथं शाळा सुटलेल्या बाया दहावीची तयारी करतात, मोहिनी तिसऱ्या वर्षी बसत होती. केंद्राची पद्धत अशी: सप्टेंबरात एक चाचणी घ्यायची, तिच्यात गणितात पास होणारीचाच, बोर्डाला बाहेरून बसायचा, सतरा नंबरचा फॉर्म त्या वर्षी भरायचा. मोहिनीचा दोनदा भरला गेला नव्हता. मराठी चांगलं, इतिहास चांगला, इंग्रजी कसंतरी, गणितात बीजगणित आलं की हात थंड. यंदा केंद्राच्या ताई म्हणाल्या होत्या, आवाज न चढवता, की तिसऱ्यांदा राहिलं तर जागा दुसऱ्या बाईला द्यावी लागेल. आणि अंगणवाडीत, जिथं मोहिनी मदतनीस होती, शकुबाई सेविका आता निवृत्तीला आल्या होत्या. यंदा दहावी, मग बारावी, तेवढ्यात शकुबाईंची खुर्ची रिकामी. यंदा नाही झालं तर ती खुर्ची कुण्या तरण्या मुलीला जाईल आणि मोहिनी त्या मुलीच्या हाताखाली मुलांची नाकं पुसत म्हातारी होईल. नाकं पुसायला तिची ना नव्हती. पण मुलांना गोष्ट सांगायला शकुबाई जेव्हा खुर्ची पुढे ओढतात तेव्हा मोहिनीला बाहेर भांडी घासायला जावं लागतं, आणि गोष्टीचा शेवट तिला खिडकीतून ऐकावा लागतो, तिथं शकुबाई नेमकी चूक करतात.

मधली दोन पदं. तिनं फरशीकडे पाहिलं. एक्सनं एक्सला गुणलं, एक्सचा वर्ग. तीननं पाचला गुणलं, पंधरा. कोण राहिलं? दोन्हीकडचे सगळे तर झाले.

आणि मग तिच्या डोळ्यांसमोर मांडव आला. तिच्याच लग्नाचा, तिच्या माहेरचा, जो तिनं पाहिलाच नव्हता, कारण ती आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती आणि तिला फक्त लाऊडस्पीकर ऐकू येत होता. भेटींचा कार्यक्रम. मुलीचे वडील आणि मुलाचे वडील. दोघांनी समोर यायचं, टोपी घालायची, उपरणं टाकायचं, गळाभेट. मग मुलीचे मामा आणि मुलाचे मामा. मग काका आणि काका. भाऊ आणि भाऊ. माईकवर ओरडणारा माणूस नाव चुकायचा, लोक हसायचे, पुढची जोडी. वडील वडिलांना, मामा मामाला. मुलीच्या वडिलांनी मुलाच्या मामाला कधी भेटायचं? नाही भेटायचं. तशी रीत नाही. त्या जोडीचं नाव पुकारत नाहीत. जेवताना पंगतीत शेजारी आले तर "घ्या, घ्या" म्हणायचं. दोन कंस समोरासमोर आले की मोहिनीच्या हातानं हेच केलं होतं, तीन वर्षं, न विचारता: पहिल्यानं पहिल्याला भेटावं, शेवटच्यानं शेवटच्याला, उपरणं टाकावं, संपलं. तिला कुणी असं शिकवलं नव्हतं. तिला ते माहीतच होतं.

ती हसली. एकटीच, खडू हातात धरून, मोठ्यांदा. पडवीतून खाकरण्याचा आवाज आला. तिनं हसू गिळलं.

पण रीत चुकीची आहे हे कळणं वेगळं आणि बरोबर काय ते कळणं वेगळं. त्या दिवशी अंगणवाडीत तिनं खिचडी वाढली. एक कंस पोरांचा, बाहेर ती पळी घेऊन. हे तिला येत होतं, बाहेर एक आकडा आणि आत कंस: ३(x + ५). तिथं ती कधी चुकली नव्हती, कारण वाढताना पहिल्या पोराला वाढून दुसऱ्याला न वाढता पुढे जाता येत नाही, पोरगं ताट वाजवतं. तीन एक्सलाही मिळतो, पाचलाही मिळतो. पण दोन कंस आले की तिला ती वाढणी आठवायची नाही, मांडव आठवायचा. का? कारण बाहेर एक असला की तो वाढपी, आणि दोन असले की ते पाहुणे. पळी तशीच हातात राहिली. अमर नावाचं पोरगं ताट वाजवायला लागलं. पाहुण्यांतला एक वाढायला उठला तर? त्यानं समोरच्या सगळ्या कंसाला वाढलं आणि बसला, मग त्याच्या शेजारचा उठला, त्यानंही सगळ्या कंसाला वाढलं, पहिल्यापासून. म्हणजे

x(x + ५) + ३(x + ५)

म्हणजे एकच वाढणी, दोनदा. शकुबाई म्हणाल्या की मोहिनीबाई, खिचडी थंडी होते, कुठं हाय तुमचं ध्यान. मोहिनी म्हणाली कुठंच नाही. खोटं होतं. ती दुसऱ्या फेरीत होती.

घरी येऊन फरशीवर लिहिलं. x² + ५x + ३x + १५. चार. मधले दोघे एकमेकांसारखे निघाले, आठ एक्स झाले. लिहून तिनं पुसलं नाही. पाण्याच्या माठाकडे जायच्या वाटेवर होतं, मुद्दाम तिथं लिहिलं होतं. मामाजी तांब्या घेऊन आले, ओलांडताना पाय अडखळला, पाणी घेतलं, गेले. थोड्या वेळानं पडवीतून, कारल्याच्या वेलाला सुतळी बांधता बांधता, वेलाला उद्देशून, शाळेतल्या जुन्या आवाजात: "बरोबर. आता पहिल्या कंसात वजा घेऊन पाहावं."

मग काही दिवस शाळा अशी भरली. सकाळी वेलाला धडा, दुपारी फरशीवर उत्तर, संध्याकाळी वेलाला निकाल. बरोबर असलं तर "बरोबर", चुकलं तर "दुसऱ्या ओळीत पाहावं". मोहिनीनं काही बोलायचं नसे. कळलं तर ती झाकण एकदा ठेवायची, नाही कळलं तर दोनदा. मामाजींना ते कधी कळलं कुणास ठाऊक, पण दोनदा झाकण वाजलं की ते पुन्हा सांगायचे, सावकाश. आकांक्षाचा फोन आला तेव्हा ती नागपुरात बसून हसली. आधी म्हणाली, आबा गणिताचे सर होते ना, सरळ विचार ना त्यांना. मोहिनी म्हणाली, तूच विचार, म्हणावं वजाचं काय करायचं. मग प्रश्न नागपूरला गेला, पाऊणशे किलोमीटर, तिथून आबांच्या मोबाईलवर म्हणजे शेजारच्या खोलीत परत आला, उत्तर पुन्हा नागपूरला आणि तिथून सैपाकघरात. भिंतीतून उत्तर आधीच ऐकू आलेलं असायचं. धनंजयनं एकदा हे पाहिलं, जेवता जेवता, आणि म्हणाला, "एका घरात राह्यता अन् नागपूरवरून बोलता. मधात टोलनाका लावा." त्याचा घास हसण्यात अडकला. पण तो पुढे काही म्हणाला नाही, आणि का म्हणाला नाही ते मोहिनीला माहीत होतं.

धनंजयला गणित त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. भूमितीच्या लाकडी पट्टीनं. समुद्रपूरकडच्या ज्या हायस्कुलात रूपराव शिकवायचे तिथं ते कुणाला हात लावत नसत असं जुने विद्यार्थी अजून सांगतात. सगळा राग घरी आणून ठेवायचे. धनंजय दहावीला गणितात नापास झाला, आयटीआय केलं, कंपनीत लागला, नीट चाललं. पण त्या निकालानंतर मामाजींनी घरात गणित बंद केलं. नातीला शिकवणी लावली. नात विचारायला आली की म्हणायचे, तुह्या सरले इचार. हे आत्याबाईंनी सांगितलं होतं, गहू निवडताना, खडे बाजूला काढत, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगावी तसं.

एका दुपारी मोहिनीनं खडू घेतला आणि गणित न लिहिता हे लिहिलं:

(मी + हे)(आत्याबाई + मामाजी)

आणि वाढायला लागली. मी आणि आत्याबाई: बाळंतपणातला शेक, भाकरी थापायची दोन पद्धतींवरून भांडण, पवनारला नदीच्या काठी दोघींनी खाल्लेले पेरू आणि घरी येऊन न सांगणं, शेवटच्या आजारात चमच्यानं पाजलेलं पाणी. पुष्कळ. मी आणि मामाजी: इथं खडू थांबला. हे आणि आत्याबाई: लाड, चोरून दिलेला लाडू, मोठा झाल्यावरही. हे आणि मामाजी: पट्टी. त्यानंतर कामापुरतं. आणि मी आणि मामाजी, पुन्हा, ती पुन्हा त्याच जागेवर आली, तिथं शून्य लिहावं की काहीच लिहू नये? शून्य म्हणजे भेटले आणि काही झालं नाही. इथं तर दोघं भेटलेच नव्हते. गुणाकार राहून गेला होता. इतकी वर्षं हे घर पहिल्याला पहिला आणि शेवटच्याला शेवटचा असंच चाललं आणि उत्तर कमी येत होतं, आणि कमी येतंय हे कुणाला कळलं नाही, कारण मध्ये आत्याबाई होत्या आणि त्या दोन्हीकडचं...

तिनं ते पुसलं. माठाच्या वाटेवर होतं.

वजा. वजाशी जमत नव्हतं. (x − ४)(x + ७). एक्सची फेरी ठीक: x², ७x. मग चार उठला. चारनं एक्सला वाढलं, −४x. चारनं सातला वाढलं, २८. दरवेळी. वजा पहिल्या ताटात पडायचा आणि दुसऱ्या ताटाशी येईपर्यंत तिच्या हातातून संपलेला असायचा. संध्याकाळी वेलाला निकाल: "शेवटचं पद पाहावं." ती पाहायची. शेवटचं पद तिच्याकडे पाहायचं. झाकण दोनदा. "चिन्ह पाहावं." झाकण दोनदा. "चिन्ह," वेलाला पुन्हा, आणि मग आवाजात पट्टीची किंचित धार, आणि ती धार आलेली त्यांनाही ऐकू आली असावी, कारण त्यांनी सुतळी खाली ठेवली आणि ते आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वेलाला धडा झाला नाही. तिसऱ्या दिवशीही. मामाजी पाणी घ्यायला येताना फरशीकडे न बघता यायला लागले, जपून, उघडलेल्या पत्रावरून नजर वळवावी तसे. चाचणी रविवारी होती. मोहिनीला कळलं की ते पुन्हा बंद करताहेत. घरातलं गणित, दुसऱ्यांदा. आणि आकांक्षाला फोन करून हे नागपूरवरून आणता येण्यासारखं नव्हतं, कारण तिला काय कळत नाही हे तिलाच सांगता येत नव्हतं. ते फरशीवर बोट ठेवूनच दाखवता आलं असतं, हे, इथं, या जागेवर माझा हात रिकामा होतो.

शुक्रवारी दुपारी ती उठली. हात धुतले, का ते माहीत नाही. पडवीच्या दारात गेली आणि उभी राहिली. मामाजी खाटेवर बसून चष्मा पुसत होते. पदर कपाळावर होता आणि तिच्या मनात माईकवरचा तो माणूस ओरडत होता, पण ही जोडी त्याच्या यादीत नव्हती. वेलावर एक पिवळं फूल होतं. वेलाला विचारता आलं असतं.

"मामाजी," ती म्हणाली. "वजा कोणाकोणाले जाते?"

चष्मा पुसणारा हात थांबला. ते तिच्याकडे न बघता फरशीकडे बघत राहिले. मग चष्मा घातला, खाटेवरून उतरले, आणि सैपाकघराच्या उंबऱ्याशी आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावरच बसले, अर्धे आत, अर्धे बाहेर, धोतराचा सोगा आवरून, आणि तिच्यापुढे हात केला. खडूसाठी. तिनं खडू दिला. त्यांनी लिहिलं नाही. परत तिच्याकडे केला आणि म्हणाले की तूच लिही, मी फक्त पाहतो. ती खाली बसली. सासऱ्यासमोर. गुडघे दुमडताना तिला वाटलं काहीतरी पडेल, भांडं, छत. काही पडलं नाही. तिनं एक्सची फेरी लिहिली. मग चारची. −४x. मग हात थांबला, नेहमीच्या जागेवर.

"हा चार कोण हाय?" मामाजींनी विचारलं.

"चार."

"नाई. नुसता चार या कंसात नाईच. वजा चार हाय. वजा त्याच्या हातातली वस्तू नोय, एकाले देल्ली अन् संपली. तो तसाच हाय. ज्याले भेटंन त्याले वजा म्हणूनच भेटते, पुरा. वाटल्यानं कमी होत नाई तो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामाजी फरशीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, आणि मोहिनीला वाटलं धडा संपला.

"तुही सासू गेली तवा," ते म्हणाले, "मी समजलो का वजा माह्याच वाट्याचा हाय. लोक मले भेटाले येत, धनंजयले भेटत. तू चहा करून राह्यली होती. तुले कोणी इचारलं नाई. मीबी नाई इचारलं."

ती चहा करत होती. हो. तेरा दिवस भगोणं गॅसवरून उतरलं नव्हतं. बाया यायच्या आणि म्हणायच्या, मास्तरचं घर बसलं. म्हणायच्या, धनंजय पोरका झाला. आकांक्षाला मांडीवर घ्यायच्या. मोहिनीच्या हातातून कप घ्यायच्या. ती आत्याबाईंची साडी घडी करायची आणि पुन्हा मोडायची आणि तिला वाटायचं की आपण रडलो तर दुसऱ्याच्या ताटातलं घेतल्यासारखं होईल. आता तिचे डोळे भरले, पण खूप नाही, फरशीवरची ओळ दिसेल इतपतच. तिनं खडू टेकवला आणि अठ्ठावीसच्या आधी आडवी रेघ काढली. लांब रेघ निघाली, जरा जास्तच लांब.

"बरोबर," मामाजी म्हणाले. या वेळी वेलाला नाही.

पहिल्या शिफ्टवरून आलेल्या धनंजयनं फाटकाशीच चपला काढल्या, बाहेर. एरवी दाराशी काढायचा. शर्टाची गुंडी लावली, तोंडावरून हात फिरवला आणि खिडकीतून हळूच विचारलं की कोण पाहुणे आले. मोहिनीनं विचारलं, कुठं. तो म्हणाला, घरात कोणी बोलून राह्यलं ना. मग त्याला उंबऱ्यावर बसलेले वडील दिसले आणि खाली बसलेली बायको आणि मध्ये निळी अक्षरं, आणि तो तिथंच खिडकीचे गज धरून उभा राहिला, आत यायचं का नाही हे न ठरवता. "ये," मामाजी म्हणाले, वर न बघता. "पट्टी नाई माह्याजवळ." धनंजय हसला नाही. पण आला. आत येऊन त्यांना ओलांडून जाता येईना म्हणून त्यांच्या बाजूलाच, पडवीत, भिंतीला टेकून बसला, आणि गणित संपेपर्यंत तिथं होता, नखानं भिंतीचा चुना खरवडत. एकदा म्हणाला, हे मले तवा असं नाई सांगतलं. मामाजी म्हणाले, नाई सांगतलं.

रविवार. केंद्राच्या वर्गात लाकडी बाकं, लहान मुलांच्या मापाची, गुडघे वर येणारी. पेपर हातात आला तेव्हा मोहिनीनं आधी वास घेतला, झेरॉक्सचा, गरम. टक्केवारी आली. कोनाचं एक गणित आलं, एक सोडलं. वेळ पुढे सरकत होता, पंखा एका बाजूला कलून फिरत होता, पुढच्या बाकावरची बाई पाठीमागून आत्याबाईंसारखी दिसत होती आणि नव्हती. शेवटचा प्रश्न. गुणाकार करा, पायऱ्या लिहा.

(x − ३)(x² + ३x + ९)

दुसऱ्या कंसात तिघं. असं कधी केलं नव्हतं, दोघं-दोघंच केले होते. हात थंड व्हायला लागला, मनगटापासून. मग तिला वाटलं, तिघं असले तर काय, तीन ताटं. एक्स उठला. पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. x³ + ३x² + ९x. बसला. वजा तीन उठला, वजासकट, पुरा, आणि पहिल्यापासून. −३x². −९x. आणि शेवटच्या ताटाशी येतानाही हातात वजा होता. −२७. सहा. सगळे भेटले. आता सारखे सारखे एकत्र. तीन एक्स वर्ग आणि वजा तीन एक्स वर्ग. गेले. नऊ एक्स आणि वजा नऊ एक्स. गेले. खाली उरलं:

x³ − २७

हे तर तेच होतं. पहिल्याला पहिला, शेवटच्याला शेवटचा. तीन वर्षं ती जे लिहीत आली, उपरणं टाकून मोकळी होत आली, तेच उत्तर, जसंच्या तसं, मध्ये कुणी नाही. कुठं चुकले? तिनं खोडायला पेन उचललं. पुन्हा फेरी धरली, बोटानं, ओठ हलवत. एक्स, तीन ताटं. वजा तीन, तीन ताटं. कुणीच राहिलं नव्हतं. पुन्हा. कुणीच राहिलं नव्हतं. वरच्या ओळीत सहाच्या सहा बसलेले होते, जागच्या जागी, आणि खालच्या ओळीत दोन. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच दिसली असती, गप्प. पण एका घरात कुणी कुणाशी बोललंच नव्हतं, आणि या घरात सगळे सगळ्यांशी बोलून, ज्याचं त्याला देऊन, शांत झाले होते. तिनं पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि वरच्या ओळीखाली एक रेघ मारली, ताईंना ती ओळ नक्की दिसावी म्हणून. घंटा झाली.

बाहेर फाटकाशी छत्री घेऊन मामाजी उभे होते. येणार असं सांगितलं नव्हतं. ऊन होतं, छत्री मिटलेली. रस्ता रविवारच्या बाजाराचा, ऑटो, हातगाड्या, केंद्रातून निघणाऱ्या बाया आपापल्या माणसांना शोधत होत्या. दोघं चालायला लागले. ते पुढे, ती मागे असं सुरुवातीला झालं, मग मामाजींनी पाय आवरता घेतला. शेवटचं गणित कोणतं होतं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मोठं होतं. उत्तर काय आलं? एक्सचा घन वजा सत्तावीस.

मामाजी पुढं बघत राहिले. छत्रीची मूठ त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "अन् मधले?" त्यांनी अगदी हळू विचारलं. तिला दुखू नये इतकं हळू.

"भेटले, मामाजी. सगळे सगळ्यायले भेटले. मंग दोन दोन करून कट झाले."

ते थांबले. भर रस्त्यात, दोन हातगाड्यांच्या मध्ये, डोळे बारीक करून, मोकळ्या हाताचं बोट हवेत नेऊन काहीतरी लिहायला लागले, ओठ हलवत, एक ओळ, तिच्याखाली दुसरी. मागून ऑटोवाला भोंगा वाजवत होता. बोट हवेत थांबलं, मागे आलं, पुन्हा चाललं. मोहिनीनं आजूबाजूला पाहिलं. लोक होते, ओळखीचेही असतील.

"मामाजी, कडेनं चाला," ती मोठ्यांदा म्हणाली. "बस येऊन राह्यली."

ते कडेला आले. बस गेली, धुरळा बसला.

"नऊ एक्स कोण्या जागी आला, ते सांग," ते म्हणाले.

"तिसऱ्या," ती म्हणाली, आणि पाचव्या जागेचं सांगायला लागली.